सात फॉर्म, सहा पावत्या

नावं झाकायची कल्पना यशश्रीची होती. डेअरीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं ती तेच करत आली होती. दूध कुठल्या गावाहून आलं हे तपासणाऱ्याला सांगायचं नाही. बाटलीवर फक्त आकडा. अमुक गावाचं दूध पातळ असतं असं एकदा मनात बसलं की यंत्रावरचे आकडेही तसेच वाचले जातात, हे ती स्वतःच्या एका चुकीवरून शिकली होती.

म्हणून रविवारी सकाळी सेव-उसळीच्या ताटल्या उचलल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर सात फॉर्म मांडले. प्रत्येकावरचं नाव, आडनाव, मूळ गाव आणि फोटो यांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं एक ते सात.

"हे तर बोर्डाचे पेपर झाले," मोहना म्हणाली. ती यशश्रीच्या नवऱ्याची, सलीलची, धाकटी बहीण. घरात काही ठरायचं असलं की मांजलपूरहून स्कूटरवर हजर व्हायची, आणि नसलं तरी व्हायची. "वहिनी, ग्रेस मार्क देणार का?"

"पाचशे रुपये घेतलेत त्यांच्याकडून. निदान पेपर तरी नीट तपासू."

फॉर्मची फी हा सलीलचा आग्रह. भाड्यानं द्यायचा वरचा मजला रिकामा झाला तेव्हा पहिल्या आठवड्यात तेवीस माणसं जिना चढून गेली होती. त्यातल्या दोघांना नुसत्या फरश्या बघायच्या होत्या, आणि एकाला म्हणे वास्तूची दिशा. पैसे ठेवले तर गरजू तेवढेच येतील, असं सलीलचं म्हणणं. नानांनी, म्हणजे सलीलच्या वडिलांनी, अट घातली होती की घेतलेले पैसे तपासणीवरच खर्च व्हायला हवेत. त्याप्रमाणे एका माणसाला नेमून प्रत्येकाची नोकरी, आधीचा घरमालक, राहण्याचा पत्ता हे सगळं पडताळून घेतलं. पावत्या यशश्रीनं फाडल्या. खाली सही तिची होती.

त्या पावत्यांपैकी एक देतानाचा प्रसंग तिच्या मनातून जात नव्हता. दारासमोरच्या ओटल्यावर उभ्या असलेल्या बाईनं पाचशेची नोट पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

"बेन, एक विचारू? तुम्ही वाचणार ना फॉर्म? की आधीच ठरलंय?"

"वाचणार. का हो?"

"चार ठिकाणी भरला. चारही ठिकाणी पैसे घेतले. एका ठिकाणी तर पैसे घेतले तेव्हा वर सामान चढत होतं." ती हसली होती, तक्रार केल्यासारखं नाही. "आमची हॉस्पिटलची क्वार्टर्स तीस तारखेला पाडतायत. सकाळची पाळी सहाला सुरू होते. इथून चालत दहा मिनिटं."

"फॉर्म वाचला जाईल," यशश्री म्हणाली होती. "मी सांगते ना."

तेव्हा नोट तिच्या हातात आली.

आज टेबलाशी बसल्यावर तिला ठाऊक होतं की सातांपैकी कुठला आकडा त्या बाईचा आहे. पट्ट्या तिनंच चिकटवल्या होत्या. म्हणून तिनं स्वतःला मत ठेवलं नव्हतं. वाचून दाखवायचं, एवढंच.

*

सलीलनं चहाचा दुसरा कप घेतला. त्याला भूक नव्हती, तहानही नव्हती. हाताला काहीतरी हवं होतं.

क्रमांक सात जिंकेल, असा त्याचा हिशेब होता. पगार सगळ्यांत जास्त, नवरा-बायको दोघंच, कंपनीचं पत्र जोडलेलं. तो फॉर्म त्यानं बुधवारी संध्याकाळी ऑफिसातच भरला होता, साहेबांच्या केबिनमध्ये. "सलीलभाई, तुमचा वरचा माळा रिकामा आहे ना? आमचा रणवीर येतोय अमदावादहून," साहेब म्हणाले होते, आणि त्याच वाक्यात, श्वासही न घेता, मार्चच्या बढत्यांच्या यादीबद्दल बोलू लागले होते. सलील पंप विकणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं होता. दोन वाक्यं एका श्वासात का येतात हे त्याला कळत होतं.

तो हो म्हणाला. नंतर जे केलं ते घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि क्रमांक सात जिंकला तर माहीत व्हायची गरजही नव्हती.

"क्रमांक एक," यशश्री वाचू लागली. "नोकरी पक्की. आधीच्या मालकाशी भाड्यावरून दोनदा वाद. मालकाचं म्हणणं वेगळं, यांचं वेगळं."

"वाद कुणाचे होत नाहीत?" सलीलच्या आई, वसुंधराबाई म्हणाल्या. "पुढे?"

दोन आणि तीन चटकन मागे पडले. दोनला वर्कशॉप काढायचं होतं, आणि तीनचा पत्ता पडताळणाऱ्या माणसाला सापडलाच नव्हता.

"क्रमांक चार. हॉस्पिटलमध्ये नोकरी, नऊ वर्षं. आई आणि मुलगी, दोघीच. आधीची जागा हॉस्पिटलचीच, तिथल्या सुपरवायझरचा शेरा असा: 'पाण्याची मोटर बंद करायला विसरली नाही अशी एकच बाई.' भाडं वेळेवर. सामान थोडं. आमच्याबद्दल तुम्हाला काय माहीत असायला हवं, या रकान्यात लिहिलंय, 'आई पहाटे चारला उठते आणि गाते. आवाज खाली येत असेल तर सांगा.'"

मोहना खुदकन हसली. "हे कुणी फॉर्ममध्ये लिहितं?"

"ज्याला नंतर भांडायचं नसतं तो लिहितो," नाना म्हणाले. नाना, म्हणजे जनार्दन सबनीस, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तपासणी विभागात होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी उलटी करून बघत.

पाच आणि सहा बरे होते. सात वाचताना यशश्रीचा आवाज जरा मंदावला. "पगार चांगला. पत्र आहे. आधीच्या मालकाचा रकाना कोरा. पडताळणीचा अहवाल नाही."

"नवीन आलेत ते गावात," सलील म्हणाला. "अहवाल येईल. कंपनी मोठी आहे, यशू. त्यात काय पडताळायचं?"

"मी नापास म्हणत नाहीये. आमच्याकडे अशा नमुन्यावर 'बाकी' लिहितात."

नानांनी कागदाच्या तुकड्यांवर आकडे लिहायला सांगितले. नानांचा चार, मोहनाचा चार. वसुंधराबाईंनी चष्मा पुसून, दोनदा विचार करून चार लिहिला. सलीलनं सात.

"झालं की," मोहना म्हणाली. "दादा, तू एकटा पडलास. मला आता जाऊ दे, घरी भाजी तशीच पडलीय."

पण नानांनी पावतीपुस्तक ओढून घेतलं होतं आणि अंगठ्यानं एकेक स्थळप्रत मागे सारत होते. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तेव्हा सलीलला कळलं.

"यशश्री, फॉर्म सात आहेत. पावत्या सहाच कशा?"

यशश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. "सातवा सलीलनं आणून दिला. फी घेतली असेल असं मी धरून चालले."

"नाही घेतली," सलील म्हणाला. "साहेबांच्या पुतण्याकडून काय पाचशे रुपये घेऊ?"

*

पंखा फिरत होता. पट्ट्यांची टोकं वाऱ्यानं उचलली जात होती, आणि यशश्री बोटानं एकेक दाबून बसवत होती.

"मग आधीच सांगायचं होतंस," नाना म्हणाले. "सरळ म्हणायचं, साहेबांचा पुतण्या आहे, त्याला द्या. आम्ही हो म्हटलं असतं किंवा नाही. हे सगळं मांडायची गरज नव्हती."

"त्याला द्या असं मी म्हणतच नाहीये. त्याचाही विचार करा, एवढंच. मार्चमध्ये यादी निघणार आहे. गेल्या वर्षी माझ्या हाताखालचा मुलगा पुढे गेला. तुम्हाला सगळ्यांना तत्त्वं आहेत, मला सोमवारी त्या केबिनमध्ये जायचंय."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला की मोहनानं उचललेली पर्स पुन्हा खाली ठेवली.

"बरं, ती चार कोण आहे ते तरी बघू," ती म्हणाली. "आता लपवून काय उपयोग?"

यशश्रीनं पट्टी काढली. कमला राठवा. मूळ गाव छोटा उदेपूरकडचं. फोटोत गणवेशातली, चाळिशीची बाई, कॅमेऱ्याकडे थेट बघणारी.

 एकदम सगळे बोलू लागले.

"राठवा म्हणजे आदिवासी ना?" मोहना म्हणाली. "म्हणजे मला काही नाही. मी शिकवते त्या वर्गातसुद्धा दोन मुली आहेत, हुशार. पण सोसायटीत..."

"सोसायटीत काय?"

"वहिनी, तू माझ्यावर कशाला चिडतेस? शेजारचे विचारणारच. आणि रात्रपाळी असेल तर फाटक अकराला वाजणार, आईची झोप मोडणार."

"मगाशी हॉस्पिटल म्हटलं तेव्हा रात्रपाळी नव्हती का?"

"मगाशी लक्षात नाही आलं."

"आणि स्वयंपाक?" सलील म्हणाला. त्याला आता वाट दिसत होती. "फॉर्ममध्ये खाण्याचा रकाना तू मुद्दाम ठेवला नाहीस ना, यशू?"

"मुद्दामच. आपल्याकडे रविवारी काय शिजतं ते वर राहणाऱ्यांनी कधी विचारलं होतं? या घरात सुरमईसाठी तू बाजारात पहाटे जातोस."

 नानांनी पावतीपुस्तक बंद करून ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. मोहना आता भावाच्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती. कधी उठून तिथं गेली हे तिलाही सांगता आलं नसतं.

"आई, तू बोल," सलील म्हणाला. "शेवटी घर तुझ्या नावावर आहे."

*

घर आपल्या नावावर आहे हे वसुंधराबाईंना वर्षातून एकदा, कराचं बिल आलं की आठवत असे. बाईच्या नावानं नोंदणी केली तर फी माफ होती म्हणून जनार्दननी तसं केलं होतं. त्या दिवशी सही करून त्या घरी आल्या आणि कणीक मळायला बसल्या. तेव्हापासून या घरातला एकही निर्णय त्यांना विचारून झाला नव्हता. आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

त्यांनी फोटो जवळ ओढला. नाव आधी कळलं असतं तर आपण चार लिहिला नसता, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. वाईटपणानं नाही. पाच बरा आहे म्हटलं असतं, आणि पाच का बरा याची कारणं सापडली असती. आता मोहनाला सापडतायत तशीच. आणि चार लिहिला तेव्हा तरी मन कुठे निर्मळ होतं? गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून त्या वीस मिनिटं पडून होत्या. वरच्यांना हाक ऐकू गेली नव्हती. 'हॉस्पिटल' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी कान टवकारले होते ते त्यासाठी.

"मला यशश्रीसारखं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी चार लिहिलाय. खोडला तर का खोडला ते मला लिहावं लागेल. आणि ते मला माझ्या अक्षरात बघायचं नाहीये."

"आई, तसं कुणी..."

"लाव ग फोन."

सलील खुर्चीतून अर्धा उठला. "आज रविवार आहे. उद्या करू. मी करतो."

"आजच करू. लाव."

यशश्रीनं फोन लावून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोनचा स्पीकर नेहमी चालूच असे. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती. वसुंधराबाई गुजरातीत बोलल्या. लहानपणापासून दारात, बाजारात तीच भाषा बोलत आल्या होत्या.

"कमलाबेन, मी सबनीस बोलतेय, समा भागातून. वरची जागा तुम्हाला द्यायचं ठरलंय."

पलीकडे ट्रॉलीची चाकं थांबली.

"कुठली जागा, बा?" वडीलधाऱ्या बाईला गुजरातीत म्हणतात तसं ती म्हणाली.

"आमची. तुम्ही फॉर्म भरला होतात."

"ती तर गेली ना? तुमच्या मुलाचा फोन आला होता गुरुवारी. जागा गेली म्हणाले. मी शुक्रवारी लांब पादरा गावी जाऊन खोली बघितली, टोकन देऊन आले."

वसुंधराबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहिलं. सहा फॉर्म पट्ट्यांसकट होते, एक उघडा.

"पादऱ्याहून सहाची पाळी जमेल?"

"नाही जमणार. पहाटे बस नाही. पाळी बदलून मागितलीय, पगार कमी होईल." तिचा आवाज सपाट होता. "बा, खरं सांगा. आता तुम्ही देता म्हणता, मी पादऱ्याचं सोडते, आणि पुन्हा गुरुवार आला तर?"

 उत्तराची वाट न बघता कमलाच पुढे म्हणाली, "आत्ता वॉर्डात आहे. तीनला सुटते. विचार करून सांगते."

फोन बंद झाला.

"सगळ्यांना केलास?" यशश्रीनं विचारलं.

"सहाही जणांना," सलील म्हणाला.

"आणि आज आमच्याबरोबर बसून आकडे लिहिलेस."

"मला वाटलं सातच येईल. मग कुणाचंच काही बिघडलं नसतं."

"माझं बिघडलं असतं," यशश्री म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी त्या बाईला सांगितलं होतं, फॉर्म वाचला जाईल. मी काल रात्रीपर्यंत पट्ट्या चिकटवत होते. नाही म्हणून सांगितल्यावर तीन दिवसांनी आपण त्यांचे कागद वाचत होतो, सलील. त्यासाठी पैसे घेऊन."

मोहना भावाच्या शेजारून उठली आणि खिडकीशी गेली. "दादा, हे मात्र तू फार केलंस," ती बाहेर बघत म्हणाली.

"तू आत्ता माझ्याच बाजूनं होतीस."

"होते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

नाना उठले. "तुझ्या साहेबांना मी फोन करू का?"

"नको, नाना. एवढं तरी मला करू द्या."

*

दुपारी कुणी झोपलं नाही. मोहनानं भाजीचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि वरण-भात जेवून तिथंच थांबली. यशश्री संगणकाशी बसून उरलेल्या पाच जणांना पत्र लिहीत होती: आपली फी परत पाठवत आहोत, कारण आपला फॉर्म वाचण्याआधीच आपल्याला नकार कळवला गेला. ते वाक्य तिनं तीनदा बदललं. 'कळवला गेला' हे तिला पटेना. शेवटी तिनं 'आम्ही कळवला' असं केलं.

सलील वर गेला होता. रिकाम्या खोलीत तो बराच वेळ फिरत होता. खाली त्याची पावलं ऐकू येत होती. साहेबांशी काय बोलायचं ते तो जुळवून बघत होता. 'आई ऐकत नाही' असं म्हणता येईल, हे पहिलं सुचलं. ते सोपं होतं, आणि साहेबांना लगेच कळलंही असतं. त्यांच्याही घरात आई होत्या. खिडकीचा अडसर उघडून त्यानं पुन्हा लावला. तो मध्येच अडकत होता. हा ठीक करायला हवा, असं त्याच्या मनात आलं, आणि कुणासाठी ठीक करायचा हा विचार त्यानंतर आला.

साडेतीनला खाली फोन वाजला.

"बा, मी विचार केला," कमला म्हणाली. "जागा मला हवीय. पादऱ्याचं टोकन परत मिळणार नाही, ते माझं मी बघेन, तुमच्याकडून नको. पण एक आहे. गुरुवारी ज्यांनी नाही म्हणून फोन केला होता त्यांनीच हो म्हणून करावा. तुमच्या शब्दावर भरवसा नाही असं नाही. पण जिना चढताना रोज समोर तेच दिसणार ना?"

"बरोबर आहे," वसुंधराबाई म्हणाल्या.

त्यांनी जिन्याखाली उभं राहून हाक मारली. सलील खाली आला, ऐकलं, आणि आईकडे, मग बायकोकडे पाहिलं. यशश्री मान खाली घालून लिहीत होती. तिनं त्याच्यासाठी काहीच सोपं केलं नाही. फोन घेऊन तो ओटल्यावर गेला. दार अर्धं उघडं राहिलं.

"कमलाबेन? मी सलील सबनीस. गुरुवारचा फोन माझाच होता." थोडं थांबून तो म्हणाला, "जागा तेव्हा गेली नव्हती. मी खोटं बोललो."

पुढे बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मधून मधून "हो" म्हणत होता, आणि एकदा "तेही खरं." मोहनानं दाराकडे सरकायला पाऊल उचललं, तेव्हा नानांनी नुसतं बोट वर केलं. ती परत बसली.

सलील आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. फोन त्यानं टेबलावर ठेवला.

"येतायत का?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"एकोणतीस तारखेला. पण त्याआधी त्यांना तुला भेटायचंय. म्हणाल्या, माझी तपासणी तुम्ही केलीत. आता घरमालकीण कशी आहे ते मी आणि आई बघून जातो."

"कधी?"

"निघाल्यासुद्धा. चालत दहा मिनिटं."

वसुंधराबाईंनी अंगावरच्या साडीकडे पाहिलं. पदरावर सकाळच्या उसळीचा डाग होता. त्या उठल्या आणि कपाट उघडायला आत गेल्या.